धुतलेली नळी

“आप्पा, खिशात अडकित्ता असेल तर बाहेरच ठेवा,” मी दारातून ओरडले. “नाहीतर माझं मशीन तो ओढून घेईल आणि पाठोपाठ तुम्हीही याल.”

धोतर-टोपीतला तो माणूस दचकून मागं सरला आणि खरंच खिसे चाचपायला लागला. अडकित्ता निघाला, किल्ल्यांचा जुडगा निघाला, चुन्याची डबी निघाली. सगळं त्यानं व्हरांड्यातल्या खिडकीत ओळीनं मांडलं. मग वाकून चपलाही काढल्या.

“अहो, चपला राहू द्या.”

“खिळं हाईत त्येला,” आप्पा गंभीरपणे म्हणाले.

मागं उभा असलेला त्यांचा मुलगा सिद्राम खदखदून हसला. “आप्पा, मॅडम थट्टा करताहेत.”

“थट्टा नाही,” मी म्हटलं. “तू चार वर्षं माझ्याकडे येतोयस, एकदा तरी लोखंडाचा चिमटा घेऊन आत आलास का?”

“आलो असतो तर जिवंत राहिलो नसतो, आप्पा. मॅडम फार तिखट आहेत.”

हे खरं होतं. मला नोकरी सोडून आता बरीच वर्षं झाली, पण आमच्या संशोधन संस्थेत अजूनही जुनी माणसं भेटली की म्हैसकर मॅडमच्या चिमट्याची गोष्ट काढतात. माझ्या ताब्यात चुंबकत्व मोजायचं मशीन होतं. धुळीच्या कणाएवढ्या वस्तूत किती चुंबकत्व आहे ते मोजणारं. लोखंडी चिमट्यानं नमुना उचलला तरी त्याचा अंश लागतो आणि नसलेलं चुंबकत्व दिसायला लागतं. म्हणून माझ्या खोलीत प्लास्टिकचेच चिमटे, आणि नमुना ठेवायला ज्यूस प्यायची स्वच्छ स्ट्रॉ. नवी पोरं हसायची. लाखमोलाचं मशीन आणि त्यात स्ट्रॉ! हसून झालं की मी त्यांना हात धुऊन यायला सांगायची.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. परदेशात शिकून आलेले मोठमोठे डॉक्टर लोक हळदीकुंकवाच्या वाट्या घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतात, आणि आपल्या मशीनला झेंडूचा हार लहान आला म्हणून रुसतातसुद्धा. सिद्राम कोळेकरनं जत तालुक्यातल्या त्याच्या गावाहून वडिलांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांची पिठाची गिरणी होती. पोरगा नक्की काय करतो ते त्यांना बघायचं होतं.

“मॅडम, तुम्हीच सांगा ह्येनं काय शोधलं ते,” आप्पा म्हणाले. “ह्यो सांगतो ते आमच्या डोस्क्यात शिरत न्हाई.”

मी हळदीची बोटं पुसली. “कांद्याचा पापुद्रा असतो ना, आप्पा, तसा हा एका धातूच्या संयुगाचा पापुद्रा बनवतो. पण किती पातळ? एकाच थराचा. त्याच्याखाली दुसरा थर नाही. याहून पातळ जगात करताच येत नाही.”

“बरं.”

“आता हा पापुद्रा काही चुंबक नसतो. कुठल्याच पुस्तकात तसं लिहिलेलं नाही. पण सिद्रामचा पापुद्रा चुंबक आहे. मी माझ्या हातानं मोजलंय. हा म्हणतो, त्यात मधले काही अणू गळालेले आहेत, भोकं पडलीत, आणि त्या भोकांच्या कडेला चुंबकत्व येतं.”

आप्पांनी टोपी मागं सारली. “म्हंजी भाकरीला भोक पडलं तर आमी बायकूला बोलतो, आणि तुमच्यात त्या भोकाचीच किंमत.”

“अगदी तस्संच!” मी आणि सिद्राम एकदमच म्हणालो.

“पन कोन इस्वास ठेवंना म्हनत होता हा.”

सिद्रामचं हसू जरा कमी झालं. तेच तर होतं. त्याचा शोधनिबंध छापून आला होता, त्याच्या जोरावर दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत त्याची प्राध्यापक म्हणून निवडही झाली होती. आणि मग परदेशातल्या एका गटानं कळवलं की आम्हाला असं काही दिसत नाही. सिद्रामनं पाठवलेले नमुनेही तिथं पोचेपर्यंत हवेनं खराब झाले. हे पापुद्रे महिना-दोन महिन्यांत मरतातच. नियतकालिकानं सांगितलं, भट्टी स्वच्छ करून नवे नमुने बनवा, पुन्हा मोजा, आणि दाखवा. नाहीतर निबंध मागं घ्या. नेमणुकीचं पत्र त्या संस्थेनं तोवर अडवून धरलं होतं.

“दाखवू की आप्पा,” सिद्राम म्हणाला. “चार वर्षं दिसतंय, आता काय पळून जाणार आहे?”

पूजेसाठी आम्ही त्याच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथं त्याची भट्टी होती आणि भट्टीत हातभर लांबीची काचेची नळी, क्वार्ट्झची. तिच्यात गंधकासारखं काहीबाही तापवायचं, त्याची वाफ व्हायची, आणि नळीत ठेवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ती बसून नाजूक त्रिकोणी पापुद्रे तयार व्हायचे. नळी आतून तपकिरी-काळी झाली होती. चालत्या नळीला हात लावायचा नाही असा या पोरांचा एक अलिखित कायदा असतो. जुन्या तव्यावर भाकरी चांगली होते म्हणून तो घासत नाहीत, त्यातलाच प्रकार. सिद्रामच्या आधी कितीजणांनी ती वापरली होती देव जाणे. पण आता स्वच्छ नळीच हवी होती, आणि नव्या नळीची मागणी खरेदी विभागात कुठंतरी अडकली होती.

“ह्याची पूजा करनार?” आप्पांनी नळीत डोकावून बघितलं. “अशी पारोशी?”

“धुवायचीच आहे, आप्पा. सरांनी सांगितलंय. दसरा झाला की ॲसिडनं धुतो.”

“दसरा झाला की? आरं, खंडेनवमीला धुवायची आसती. आमी गिरनीचा पट्टासुदिक काढून पुसतो. चिंच हाय का हितं?”

चिंच कॅन्टीनमध्ये मिळाली. आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, एका लांब काडीला फडकं गुंडाळलं, आणि बेसिनपाशी उभे राहून असे घासायला लागले की बघत राहावं. नळी एका हातात फिरवायची, दुसऱ्या हातानं काडी मागंपुढं. काळं पाणी भळाभळा वाहत होतं. सिद्राम आनंदानं नुसता उड्या मारत होता. पेंढारकर सर, म्हणजे त्याचे मार्गदर्शक, डोकावले. “वा, वा! कोळेकर, वडिलांना इथंच ठेवून घे,” म्हणाले. मग सिद्रामनं रीतीप्रमाणे नळी ॲसिडनं आणि शुद्ध पाण्यानं विसळली आणि उजेडात धरली. आरपार दिसत होतं. आप्पांनी तिला कुंकवाचं एक बोट लावलं, ते सिद्रामनं त्यांचं लक्ष नसताना पुसलं, नारळ फुटला, आम्ही पेढे खाल्ले.

नवे पापुद्रे घेऊन सिद्राम माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता. “मॅडम, असे त्रिकोण मी आजवर बघितले नाहीत. मोठे, सरळ कडांचे. पूर्वीचे कुरतडल्यासारखे यायचे.”

मी तुकडा स्ट्रॉमध्ये बसवला, मशीनमध्ये सोडला. थंड व्हायला वेळ लागतो. तो समोरच्या स्टुलावर बसून दक्षिणेत घर कसं घ्यायचं, आप्पांना थंडीत तिकडे कसं न्यायचं, ते सांगत होता. चुंबकत्व असलं की पडद्यावर फुगीर वळसा दिसतो, जाताना एक रेघ आणि येताना दुसरी. त्या दिवशी जायची रेघ आणि यायची रेघ एकच आली. सपाट.

“नीट बसला नसेल,” मी म्हटलं. पुन्हा बसवला. सपाट.

दुसरा तुकडा आणला. सपाट. दुसऱ्या खेपेचे पापुद्रे आणले, तिसऱ्या खेपेचे आणले. मला तर त्या रेघेचा राग यायला लागला होता.

“मॅडम, रागावू नका,” सिद्राम एक दिवस चाचरत म्हणाला, “पण मशीनमध्ये काही…”

“माझ्या मशीनला बोलायचं नाही!” मी कडाडले. मग मलाच त्याची कीव आली. जिचं चुंबकत्व आधीच ठाऊक असतं ती निकेलची प्रमाण गोळी मी काढली, त्याच्यासमोर मोजली. ठणठणीत आकडा आला. त्यानं आकडा बघितला आणि मान खाली घातली. मशीन बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

पेंढारकर सरांना बोलावलं. सर तसे शांत माणूस. जुन्या रेघा आणि नव्या रेघा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

“पूर्वी कडा कुरतडलेल्या यायच्या म्हणालास ना?”

“हो सर.”

“आणि आता सरळ येतात. तापमान तेच, वेळ तोच, पूड तीच. बदललं काय?”

तिघांनाही एकदमच कळलं होतं.

“भोकं नव्हती ती, सिद्राम,” सर हळू आवाजात म्हणाले. “नळीच्या काजळीत काहीतरी होतं. तापल्यावर त्याची वाफ व्हायची आणि पापुद्र्यात शिरायची. एखादा परका अणू. त्याचं चुंबकत्व आपण भोकांच्या नावावर खपवलं.”

“पण मग तोही शोधच आहे सर!” सिद्राम उठूनच उभा राहिला. “कुठला अणू ते कळलं तर आपण मुद्दाम घालू. एका थरात, साध्या तापमानाला टिकणारं चुंबकत्व! हे तर भोकांपेक्षा मोठं आहे!”

“आहे. कुठला अणू?”

सिद्रामनं टेबलावरच्या जुन्या रेघा पुन्हा हातात घेतल्या.

पुढचे दिवस मला आठवले की अजूनही कसंतरी होतं. जुने पापुद्रे मेलेले होते, आणि त्यांतला परका अंश आमच्या कुठल्याच यंत्राला सापडण्याइतका नव्हता. नळी आधी कोणी कोणी वापरली ते शोधलं. एक अमेरिकेत, एक बँकेत, एकीनं फोनवर सांगितलं की मला काही आठवत नाही हो, आम्ही तर सगळंच तापवत होतो. शेवटी सिद्रामनं बेसिनखालच्या पाइपाची, गाळ साठतो ती बाटली उघडली. मी तिथं होते. फरशीवर पालथा पडून तो हातानं घाण वासाचा गाळ काढत होता आणि एखादं औषध भरावं तसा काचेच्या कुपीत भरत होता. गाळ तपासून आणला. त्यात लोखंड होतं, निकेल होतं, क्रोमियम, तांबं, व्हॅनेडियम, काय म्हणाल ते होतं. कित्येक वर्षांची भांडी त्याच बेसिनमध्ये धुतली गेली होती.

त्यानं एकेक मूलद्रव्य घालून बघायला सुरुवात केली. किती घालायचं, कशातून घालायचं, कशाबरोबर, काही माहीत नाही. नमुने येत राहिले, मी मोजत राहिले. त्याची पावलं व्हरांड्यात ऐकू आली की मी धुतलेलेच हात पुन्हा धुवायला लागायची. मला काहीच करता येत नव्हतं हो. रेघ जशी येईल तशी दाखवायची, एवढंच माझं काम. कधीकधी वाटायचं, देवा, एकदा लोखंडी चिमटा लागू दे. मग स्वतःचीच शिसारी यायची.

“अजून एकदा करू द्या, सर,” तो म्हणायचा.

“कर की. पण निबंध मागं घ्यावा लागेल. ते आता थांबवता येणार नाही,” सर म्हणाले, आणि तोंड फिरवून चष्मा पुसत राहिले.

निबंध मागं घेतला. दक्षिणेतल्या संस्थेनं अगदी सभ्य शब्दांत नकार कळवला. त्या दिवशी सिद्राम माझ्या खोलीत आला. नमुना नव्हता हातात. स्टुलावर बसला.

“मॅडम, एक करायचं. आप्पांना कळता कामा नये.”

“नोकरीचं?”

“नोकरीचं सांगेन. मंजुरी आली नाही, जागा रद्द झाली, काहीतरी सांगेन. नळीचं कळता कामा नये. तुम्हाला माहीत नाही ते कसे आहेत. एकदा गिऱ्हाइकाच्या पिठात चुकून दुसऱ्याचं धान्य मिसळलं, तर दोन दिवस जेवले नव्हते. हे कळलं तर माणूस परत तोंडात घास घालायचा नाही.”

“त्यांचा काय दोष त्यात? धुवायचीच होती. तू धुतली असतीस.”

“हे तुम्ही मला सांगताय. त्यांना कोण सांगणार?”

मी शब्द दिला. त्या दिवशी दुसरं काय देणार होते?

संक्रांतीच्या सुमारास आप्पा पुन्हा आले. तिळाच्या पोळ्या, बाजरीच्या भाकऱ्या, चटणी. माझ्यासाठी वेगळं गाठोडं. मला बघून व्हरांड्यातच अडकित्ता काढून ठेवायला लागले.

“मशीन बंद आहे आज आप्पा, या आत.”

सिद्रामच्या प्रयोगशाळेत आम्ही तिघं जेवायला बसलो. तो सारखा बोलत होता. नव्या प्रयोगाबद्दल, नव्या नळीबद्दल, पुढच्या वर्षी निघणाऱ्या जागांबद्दल. आप्पा ‘बरं, बरं’ करत होते. जेवण झालं आणि आप्पांनी सवयीनं टेबलावरचा एक धुळकट काचेचा चंबू उचलला, खांद्यावरचं उपरणं घेतलं आणि पुसायला लागले.

“आप्पा! हात लावू नका!”

मीही उडाले एवढ्यानं ओरडला तो. आप्पांच्या हातातला चंबू हलला, पण पडला नाही. त्यांनी तो होता तिथं, होता तस्सा ठेवला.

सिद्रामचा चेहरा पांढराफटक पडला. “तसं नाही, आप्पा… त्यात ॲसिड होतं. तुम्हाला भाजेल म्हणून. बसा ना. मी चहा आणतो. गरम आणतो. खारी आणू? मॅडम, तुम्ही बसा हं यांच्यापाशी.” आणि तो जवळजवळ पळतच गेला.

चंबू कोरडा ठणठणीत होता. ते मलाही दिसत होतं आणि आप्पांनाही.

आप्पांनी उपरणं परत खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, “मॅडम, येक इचारू का? खरं सांगा.”

“विचारा ना.”

“त्या नळीचंच झालं न्हवं?”

मी म्हटलं, “कुठल्या नळीचं?” आणि माझाच आवाज मला खोटा वाटला.

“मी धुतली, आणि त्येचं चुंबक गेलं. व्हय का न्हाई?”

“तुम्हाला कोणी सांगितलं हे?”

“कोन सांगतंय. त्यो मला कपबशीबी धुऊ देत न्हाई, मॅडम. काल खोलीवर जेवल्यावर माझं ताट हातातनं काढून घेतलं. लहानपनापास्नं ह्या हातानं त्येला न्हाऊ घातलंय. आन आता पोरगं माझ्या हाताला भ्यायलंय.”

मला सगळं नाकारायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की खोटं बोलायची सोय राहिली नाही.

“आप्पा, ती धुवायचीच होती. आम्ही सगळे तिथं होतो, सर होते. वाहवा केली आम्ही. न धुता चाललंच नसतं. आणि चूक होती ती आज ना उद्या उघडी पडणारच होती.”

“ते असंल,” ते म्हणाले. “तुमी शिकल्याली मानसं, तुमाला कळतंय. मला येवढंच सांगा, त्या पान्यात काय गेलं?”

“म्हणजे?”

“काय जिन्नस होता? नाव सांगा. सांगलीला मिळंल, हुबळीला मिळंल, न्हाई तर ममईला जातो. जितं मिळंल तितनं आनून देतो त्येला.”

“ते कुणालाच माहीत नाही, आप्पा.”

“सरांस्नी?”

“त्यांनाही नाही.”

“तुमच्या त्या मशीनला?”

“माझं मशीन आहे की नाही एवढंच सांगतं. काय होतं ते नाही सांगत.”

आप्पांनी मान हलवली. त्यात राग नव्हता. “येवढं थोरलं मशीन,” ते पुटपुटले.

बाहेर व्हरांड्यात कपांचा आवाज आला. आप्पांनी झटकन उपरण्यानं डोळे पुसले आणि माझ्याकडे झुकले. “मला कळलंय म्हनून त्येला सांगू नका, मॅडम. मला कळू न्हाई म्हनून लई धडपडतंय ते. तेवढं तरी त्येच्या मनासारखं होऊ द्या.”

सिद्राम चहा घेऊन आला. तिघांनी चहा प्यायला. आप्पांनी खारी बुडवून खाल्ली, गिरणीवर भांडणाऱ्या दोघी जावांची नक्कल करून दाखवली, सिद्रामला हसवलं. रिकामा कप त्यांनी स्वतः उचलला नाही. सिद्रामपुढं सरकवला आणि म्हणाले, “घे बाबा, धू. मला आता व्हत न्हाई थंडीत.”

संध्याकाळी त्यांना एसटीत बसवून सिद्राम परत आला. मी खोली बंद करत होते. तो दाराशी उभा राहिला.

“मॅडम, मी ओरडलो त्यांच्यावर. मी चहा आणायला गेलो तेव्हा काही विचारलं का त्यांनी?”

“नाही.”

“नळीचं काही? कळलं नाही ना त्यांना?”

“नाही रे,” मी म्हटलं. “त्यांना काय कळणार त्यातलं.”

“सुटलो बुवा,” सिद्राम म्हणाला, आणि खंडेनवमीनंतर पहिल्यांदाच मोकळा हसला.